लंगडोबाचा पिंजरा

सकाळी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं आणि ती संशोधक विद्यार्थिनी जागीच थबकली. लंगडोबाच्या पिंजऱ्याचं झाकण उघडं, आत नुसता भुसा. मागचा पाय मोडलेला हा उंदीर तिच्या प्रयोगाचा जीव होता. धुळीहून बारीक कणांवर औषध लादून तिनं त्याला टोचलं होतं. ते थेट मोडक्या हाडापाशी पोचलं का, हे आज स्कॅनमध्ये दिसणार होतं. कालच पायाची पट्टी सोडली आणि झाकणाची खिटी लावायला ती विसरली.

“बिचारा फरफटत जाऊन जाणार कुठं,” असं पुटपुटत तिनं टेबलांखालची सगळी जमीन पालथी घातली.

“वर बघ,” दारातून तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या.

कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, हातमोज्यांच्या खोक्यावर बसून लंगडोबा निवांत मिशा साफ करत होता. ती स्टूल आणायला धावली. मॅडमनी तिचा हात धरला.

“थांब. उतरतानाही बघू दे.”

“पण मॅडम, इतक्या वर हा चढला कसा?”

“चारही पायांनी.”