पिंपांचं शेत

पहारीचा पहिला घाव पिंपाच्या कुशीत बसला आणि आतलं पिवळं पाणी चूळ टाकावी तसं बाहेर उडालं. मंजुळाने पहार उपसली आणि शेजारच्या पिंपावर घातली.

"ए बाई! डोकं फिरलं काय?" पिंपं धुणारा महिपत हातातला काथ्या टाकून धावला. त्याने मागून तिचा अंबाडा धरला. मंजुळा वळली ती पहारीसकट. पहारीचं बूड त्याच्या बरगड्यांवर बसलं, तसा तो पिंपांच्या थप्पीत कोसळला. रिकामी पिंपं गडगडत वहाळाकडे निघाली.

आवाज ऐकून तिचा थोरला भाऊ देवराम घरातून तसाच उघडा पळत आला. शेत त्याचंच, बापाकडून आलेलं. चार वर्षांपूर्वीपर्यंत इथे भात व्हायचं. आता जागा भाड्याने दिलेली. कारखान्यांची वापरलेली पिंपं टेम्पोतून यायची, कडेच्या वहाळावर धुतली जायची, कोरी होऊन परत जायची. वहाळ पुढे कोपर गावाच्या अंगाला खाडीत उतरायचा. तिथे मंजुळाचं सासर; तिचा नवरा नाथा तिथेच खाडीत मासे धरायचा.

"मंजे, पहार टाक. लोकं बघतान."

"बघू दे. यांचा पाय कापला काल, दादूस. गुडघ्याखाली."

देवराम जागच्या जागी थांबला. त्याने एकदा पिंपांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"नाथाला साखर असंल," तो म्हणाला.

मंजुळाने पहार टाकली. ती निवली असं वाटून देवराम जवळ आला, आणि तिने दोन्ही हातांनी त्याची मान धरली. होडी ओढून घट्ट झालेले हात होते ते. दोघं एकमेकांना धरूनच काठावरून घसरले आणि वहाळात पडले.

पाणी घोटाभर होतं, पण खाली गाळ गुडघाभर. वरचा थर शेंदरी, आतला काळा, ग्रीससारखा चिकट. तो ढवळला तसा वास थेट टाळूला जाऊन भिडला.

"याच गाळात उभं राहून निवट्या धरायचे हे! रोज!" मंजुळा ओरडत होती. "खरचटलं पायाला, इतकंच. ते भरलंच नाय. सडत सडत वर चढलं. साखर म्हनतोस? हुंग! हुंग की!"

तिने त्याचं तोंड गाळात दाबलं. देवराम अंगाने तिच्या दुप्पट. त्याने हिसडा देऊन मान सोडवली आणि तिच्या तोंडावर बुक्की मारली. ओठ फाटला. रक्त हनुवटीवरून ओघळलं. तिने ते पुसलंही नाही. तो गाळात घसरून पालथा पडला, तसा गुडघा त्याच्या पाठीत रोवून तिने पुन्हा त्याला खाली दाबलं, सगळा भार टाकून, तो हातपाय झाडेपर्यंत.

केस धरून तिने मान वर खेचली तेव्हा तो तिला मारत नव्हता. दोन्ही मुठींनी स्वतःचेच डोळे चोळत होता.

"डोळे! मंजे, डोळे जळले माझे! पानी आन, पानी!"

मंजुळाने त्याचे केस सोडले. भाऊ बापासारखा ओरडत होता, अगदी तसाच आवाज. तिने बगलेत हात घालून त्याला काठावर ओढलं, बांधाला टेकवून बसवलं आणि विहिरीकडे धाव घेतली. बादली सोडली, भराभर वर खेचली. निम्मी बादली सांडत ती परत आली आणि ओंजळ भरायला वाकली.

"नको!" दारातून वासंती वैनी किंचाळली. "विहिरीचं नको! डोळ्यांत नको घालू, थांब!"

ती कमरेवर हंडा घेऊन धावतच आली. "स्टेशनवरच्या नलाचं हाय. हे घाल." बोलता बोलता तिने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं, एका हाताने पापणी उघडी धरली आणि तांब्याने धार सोडली. देवराम कण्हत होता. गाळ त्याच्या गालांवरून शेंदरी होऊन उतरत होता.

मंजुळा बादलीशी तशीच उभी राहिली. पाण्यावर तेलकट रंग फिरत होते.

"वैनी, विहिरीचं पानी कवापासून बंद केलंत?"

वासंतीने तांब्या भरला, ओतला, पुन्हा भरला.

"कवापासून, दादूस?"

देवरामचे डोळे मिटलेले होते. सुजून पापण्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्याने आवाजाच्या दिशेने हात पुढे केला आणि हवेतच चाचपडला.

"मंजे," तो म्हणाला, "ती बादली लांब ठेव. पायावर सांडून घेशील."