दहापैकी चार

“दहापैकी चार,” धाकट्याने वाचलं आणि फोन गादीवर भिरकावला.

सकाळपासून ताई त्यांच्या नव्या व्हिडिओ गेमची अशीच परीक्षणं ऐकत होती. कुणी लिहिलं होतं, चित्रं देखणी, पण खेळ म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. कुणी लिहिलं होतं, बुरूजही बांधा आणि तलवारही चालवा, हे म्हणजे दोन डगरींवर पाय. खेळ तसा छोटासाच. डाउनलोड करायचा आणि दोन्ही हातांत धरायच्या छोट्या गेमिंग यंत्रावर खेळायचा. डाव्या अंगठ्याने किल्ल्याभोवती बुरूज उभे करायचे, उजव्या अंगठ्याने किल्लेदाराला पळवत, चालून येणाऱ्यांना कापून काढायचं. कल्पना ताईची, चित्रंही तिचीच. कोड सगळं धाकट्याचं. लाँड्रीच्या वरच्या खोलीत, खालच्या इस्त्र्यांची वाफ सोसत बहीणभावांनी त्यावर तीन वर्षं घातली होती.

चार गुण देणारा माणूस ऐरागैरा नव्हता. या धंद्यात सगळे त्याला मास्तर म्हणत. ही दोघं शाळेत असल्यापासून त्याची परीक्षणं वाचत आली होती, आणि त्याने नावं ठेवलेल्या खेळाला हात लावत नव्हती. मास्तरांनी शेवटी लिहिलं होतं, ‘करणाऱ्यांनी हा खेळ स्वतः कधी खेळून पाहिला आहे का, अशी शंका येते.’

हे मात्र धाकट्याला झोंबलं. झोपेतसुद्धा खेळू शकतो आपण हा खेळ, म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, असंही म्हणाला. पण आवाजात दम नव्हता. मग तो उठला आणि बॅग भरायला लागला.

सोमवारी त्याला दुसऱ्या शहरात एका मोठ्या कंपनीत रुजू व्हायचं होतं. खेळ चालला तर राहायचं, नाही तर जायचं, असं दोघांचं आधीच ठरलेलं. ताईला तो जायला नको होता. आई गेल्यापासून दोघांना एकमेकांशिवाय कुणी नव्हतं, आणि रिकाम्या खोलीत एकटीने जेवायचं, हे तिला कल्पवतही नव्हतं. पण ‘राहा’ म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? तिच्याच कल्पनेपायी त्याची तीन वर्षं पाण्यात गेली होती. ती इतकी थकली होती की तिला रडूही येत नव्हतं.

धाकटा लाँड्रीवाल्याकडे रिकामं खोकं मागायला खाली गेला. ताईने यंत्र उचललं. मास्तरांना नेमकं काय खुपलं ते तरी बघू, एवढंच मनात होतं.

पहिल्याच हल्ल्यात किल्ला पडला. तिने झपझप बुरूज उभे केले होते, पण किल्लेदार जागच्या जागी खांबासारखा उभा राहिला आणि दार फुटलं. दमलोय आपण, ती स्वतःशी म्हणाली. पुन्हा सुरू केलं. या वेळी किल्लेदारावर नजर ठेवली, तर बुरूज राहून गेले. पुन्हा पडला. एखादं बटण बिघडलं असेल म्हणून तिने एकेक दाबून पाहिलं. सगळी ठणठणीत होती. तिचा उजवा अंगठाच तेवढा अडाण्यासारखा इकडेतिकडे चाचपडत होता.

तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती नेहमीसारखीच खोलीतल्या बाकाच्या पार डाव्या टोकाला बसली आहे. उजवीकडची जागा तिने मोकळी सोडली होती.

चाचणीचं यंत्र त्यांना एकच मिळालं होतं. लहानपणी एका खेळण्यावरून दोघं भांडली की आई म्हणायची, अर्धं अर्धं धरा. तेच अंगवळणी पडलेलं. पहिल्या दिवसापासून डावी बाजू तिच्या हातात आणि उजवी त्याच्या. खांद्याला खांदा लावून, एकमेकांना कोपरं मारत, चार हातांनी दोघं तो खेळ तपासत आली होती. जग मात्र तो दोन हातांनी खेळायला बसलं होतं.

धाकटा खोकं घेऊन आला. तिने सांगितलं. त्याला आधी पटेना. उभ्याउभ्याच त्याने यंत्र घेतलं आणि बुरूज कुठून निवडतात हे कळायच्या आत त्याचा किल्ला पडला. तो मटकन खाली बसला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

“अगं, काखेत कळसा नि गावाला वळसा,” तो म्हणाला. “हे तर सुधारता येईल. थोडी डावी बाजू आपोआप चालवू, हल्ले जरा सावकाश आणू. मी कळवून टाकतो कंपनीला, येत नाही म्हणून.”

आठवडाभर ताई याच वाक्याची वाट पाहत होती. बोलता बोलता तो तिच्या उजवीकडे येऊन बसला. यंत्राची उजवी बाजू त्याने धरली, डावीवर तिचा अंगठा आपसूक गेला. एकामागून एक हल्ले आले नि परतले, तटाची वीटसुद्धा हलली नाही. त्याचं कोपर नेहमीसारखं तिच्या बरगडीत रुतत होतं. किती सुंदर खेळ केलाय आपण, तिला वाटलं, आणि तीन वर्षं रोज असंच वाटत आलं होतं.

तिने हात काढून घेतला. किल्ला पडताना दोघांनी पाहिला.

“नको, तू जा,” ती म्हणाली. “तू शेजारी बसलास ना, की मला हा खेळ चांगलाच वाटतो.”