मीराबाईची काळी चार

पेटीत सात भागांची जागा होती आणि करिष्माकडे नऊ होते. सकाळपासून ती पुठ्ठ्यावर कागदाचे तुकडे मागेपुढे सरकवत होती. जुन्या लग्नपत्रिकांतून खऱ्या मापाने कापलेले ते तुकडे म्हणजे तिच्या पहिल्यावहिल्या मॉड्युलर सिंथेसायझरचे भाग. एक सूर काढणारा, एक त्याची धार कमी करणारा, एक घुमवणारा, असे. पुढे खरे भाग मागवायचे, सोल्डर करून पेटीत बसवायचे आणि तारांनी एकमेकांना जोडायचे. त्याआधी काय गाळायचं हे ठरायला हवं होतं.

घाईला कारण होतं. तिची आई मीराबाई झाडीपट्टीच्या नाटकांत गाणारी नटी. बावीस वर्षं तिला ऑर्गनवर लटारूभाऊंनी साथ केली. यंदा त्यांच्या बोटांनी संप पुकारला आणि दिवाळीनंतरचे प्रयोग तर तोंडावर आलेले. दुसऱ्या कुणाच्या सुरावर गाणार नाही, त्यापेक्षा घरी बसेन, असं मीराबाईने सांगून टाकलं होतं. तेव्हा करिष्मा म्हणाली, सूर मी देते. ती चंद्रपूरला इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. सोल्डरिंग म्हणजे तिच्या हातचा मळ. सुरांच्या बाबतीत मात्र सगळा आनंदीआनंद.

लटारूभाऊ खाटेवर बसून तिचा हा भातुकलीचा खेळ बघत होते. तिने त्यांना सूर काढणारा तुकडा दाखवला.

"काकाजी, आईची पट्टी काळी चार ना? ती यात एकदा पक्की बसवली का मंग केसभरबी हलत नाई."

काळी चार ही उंच पट्टी. भल्याभल्यांचा गळा तिथे फाटतो. मीराबाईला तिचा इतका अभिमान, की 'काळी चारची मीराबाई' असंच पोस्टरवर छापून यायचं.

लटारूभाऊंनी तो तुकडा उचलून पुठ्ठ्याबाहेर ठेवला.

"हलाले पायजे," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे पाहत त्यांनी आवाज खाली आणला. "वय झालं का गळा उतरते, बाई. सात वर्षं झाली, मी तिले काळी तीनच देऊन राह्यलो. तिले माहीत नाई. माहीत झालं तं गाणं सोडून देईन ते."

करिष्माने बाहेर ठेवलेला तो तुकडा हातात घेतला. भरल्या मंडपात आईचा गळा फाटला असता आणि तो तिच्याच यंत्राने फाडला असता.

"पट्टी उतरवाचं बटन ठेव यात," लटारूभाऊ उठता उठता म्हणाले. "अन् असं ठेव, का तालमीत तिले दिसलं नाई पायजे."

ते गेल्यावर करिष्माने सूर काढणारा तुकडा परत जागेवर ठेवला आणि घुमवणारा बाजूला काढला. त्याच्या जागी पट्टी उतरवणाऱ्या बटनाचा, खाली जाणारा बाण काढलेला तुकडा आला. तो तिने अगदी खालच्या कोपऱ्यात सरकवला. तारांचा गुंता तिथेच लोंबणार होता, त्याच्या आड कुणाला काही दिसलं नसतं. आणखी दोन तुकडे गाळले आणि सात भागांची आखणी पुरी झाली.

मीराबाई चहाचे कप न्यायला आली आणि पुठ्ठ्यापाशी थांबली. सगळे तुकडे तिने नीट पाहिले. मग त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे पट्टी उतरवाचं हाय का?"

"नाई वं आई. ते वायरीचं हाय."

मीराबाई हसली. कप तसेच ठेवून ती लेकीजवळ जमिनीवर बसली.

"अजून एक पट्टी खाली जाईन असं कर. दोन साल झाले, काळी तीनबी झेपत नाई मले. पण लटारूभाऊले कोणत्या तोंडानं सांगू? त्यायले वाटते, मले काई माहीतच नाई."