ओली टाच

कांताबाईची मान डाव्या खांद्याकडे आखडून बसली होती. मांडीवरचं पानं-तंबाखूचं सूप मात्र तिला थांबू देत नव्हतं. भर दुपारी, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून, ती तिरक्या नजरेनं बिड्या वळत होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सतत खाली पाहून स्नायू आखडलेत; गोळ्या घ्या, शेक द्या, मान वर ठेवून काम करा. मान वर ठेवून बिडी वळायची म्हणजे डोळे मिटून सुईत दोरा ओवायचा. गोळ्यांनी झोप तेवढी यायची.

"मीठ भाजून आणतो, शेकून देतो," शेजारची अंजनाबाई उठली. "प्रेमिला असती तं पाय लावला असता पोरीनं."

ती आत गेली. कांताबाईची लेक प्रेमिला पायाळू, पायाकडून जन्मलेली. अशा माणसाचा पाय लागला की आखडलेली मान सुटते, म्हणून अर्धी नंदनवन वस्ती त्या पोरीपुढे पाठ करून बसायचं. ती आधी पाय धुवायची, मग ओली टाच मानेवर टेकवून विचारायची, "उतरलं का वं?" मागच्या पोळ्याला ती तापानं गेली. कांताबाईची मान तेव्हापासून अशीच.

मानेवर काहीतरी गार टेकलं.

"पाय काहून लावून राहिली वं, अंजनाबाई? तू का पायाळू आहे?"

"काय म्हन्लं?" आवाज आतून आला. तव्यावर उलथनं खरखरत होतं.

कांताबाईचे हात थांबले. टाच ओली होती, लहान होती. ती खांद्यावरून वर सरकली आणि मानेच्या मुळाशी दाबून राहिली. आतली गाठ हळूहळू सैल झाली. कांताबाईला भीती वाटली, आणि भीतीहून मोठा आनंद झाला.

मान सरळ आली. आता मागं वळून पाहता आलं असतं. तिनं पाहिलं नाही. उतरलं म्हटलं की पोर घटकाभरही थांबायची नाही, खेळायला पळायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अंजनाबाई मिठाची पुरचुंडी घेऊन दारात आली आणि तिथंच उभी राहिली.

"पाठ ओली काहून झाली वं तुही? अन् मान तं सरळ दिसून राहिली."

कांताबाईनं घाईघाईनं मान डाव्या खांद्याकडे वळवली, होती तशी.

"नाही वं," ती म्हणाली, अगदी पाठीमागच्यालाही ऐकू जाईल असं. "अजून नाही उतरलं."

अंजनाबाईच्या हातातली पुरचुंडी निवत गेली. कांताबाईच्या पाठीवरून पाण्याचा नवा ओघळ खाली आला.