फक्त माठ सोडून

लकव्यानं खाटेला खिळलेल्या झुंबरबाईचं हागणं-मुतणं, आंघोळ, कूस बदलणं, सगळं गिरिजाबाईनं करायचं. फक्त पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही, कारण गिरिजाबाई बौद्धवाड्यातली. तिनं गू काढलेला चालायचा, पाणी पाजलेलं नाही. ते काम सुनेचं.

सून उषाबाई चतुर्थीची सकाळीच राजूरच्या गणपतीला गेली. त्र्याहत्तरचा उन्हाळा, विहिरी आटलेल्या. दुपार कलली तरी सुनेचा पत्ता नाही. झुंबरबाईची जीभ टाळूला चिकटली.

"पाणी... गिरिजे, पाणी दे गं."

गिरिजाबाईनं शेजारी हाका मारल्या. कोणी आलं नाही. मग तिनं सरळ माठात तांब्या बुडवला, म्हातारीचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोट घोट पाजलं. म्हातारीनं तांब्या रिकामा केला.

उषाबाई उंबऱ्यात आली, तोवर म्हातारीच्या जिवात जीव आला होता. तिनं चांगला हात उचलून माठाकडं बोट केलं.

"हिनं शिवलाय. फेक ते पाणी."

उषाबाईनं माठ उचलला आणि अंगणात पालथा केला. तापलेल्या मातीत पाणी बघता बघता जिरलं.

गिरिजाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती खाटेपाशी येऊन उभी राहिली.

"माठातलं तर सांडलं, बाई. आता तुमच्या पोटातलं कसं सांडायचं?"