नऊ वाजताची स्थिती

कोपरहून आणलेल्या माझ्या पत्नीचे नाव ठाण्याच्या रुग्णालयात साडेआठला प्रतीक्षायादीत लागले. दुपारी एकला, आवारातल्या बाकावर, ती वारली. अतिदक्षता विभागातली एक खाट अकरापासून रिकामी होती, तरी काउंटरवरची मुलगी "फुल आहे, काका" म्हणत राहिली. चौकशी केली, तर रुग्णालयाची संगणकप्रणाली रचणारा सुश्रुत माझाच जुना विद्यार्थी निघाला. "सर, काउंटरवरच्या मुलीला फक्त वाचायची परवानगी आहे, बदलायची नाही. सकाळी नऊला पडदा उघडला की दिवसभर नऊचीच स्थिती दिसते. नंतरचे बदल दिसले तर अहवालातले आकडे जुळत नाहीत. आमची माहिती सुसंगत असते." सुसंगत विधानेही असत्य असू शकतात, हा तर्कशास्त्राचा पहिला धडा त्याला मीच शिकवला होता, गुणही उत्तम दिले होते. तीनला मृत्यूचा दाखला मागायला काउंटरवर गेलो. मुलीने पडद्यावर बोट ठेवले. "अहो काका, पेशंट अजून वेटिंगवर दाखवतंय. बसा थोडं."