तारखेच्या आत

माझ्या थोरल्याच्या, कृष्णराजच्या दहाव्याला तेरणेकाठी पिंडाला कावळा शिवेना. “पोरांना शिकवीन,” सून म्हणाली. “रान मी बघतो, दादा,” धाकटा म्हणाला. कावळा बाभळीवरून हलला नाही. मी पिशवीतून कर्जाचं बिल काढलं. हप्त्याच्या तारखेआधी नियमानं येणारं ते बिल त्याच सकाळी कृष्णराजच्या नावानं आलं होतं; एरवी ते तोच परस्पर घ्यायचा. त्यात वस्तू लिहिली होती: श्रवणयंत्र. आमच्या घरात कर्ज येणार नाही, ही माझी ताकीद होती. म्हणून माझ्या कानातलं यंत्र रोखीनं घेतल्याचं त्यानं सांगितलं होतं. “मामी, माणूस गेल्यावर तारीख वाढवून मिळती, नियमच हाय,” भाचा म्हणाला. “तारीख वाढवून मागणारे आपण नव्हे.” मी पिंडाकडे वळले. “कृष्णराज, हप्ते मी तारखेच्या आत भरीन. माझा राग नाही.” मला रडू आलं नाही. कावळा उतरला. पंखांची फडफड स्पष्ट ऐकू आली.